लतीफ वायरमनचं ऊन

लतीफभाई रस्त्याने चालताना खाली बघत नसत, वर बघत. नव्या माणसाला वाटायचं, केवढा देवभोळा, चालता चालता अल्लाची आठवण काढतोय. तसं काही नव्हतं. ते तारा बघत असत. कुठली तार सैल पडली, कुठल्या खांबावर वेल चढला, कुठे जोडाला काळं पडलंय. सगळी नोकरी वीज मंडळात वायरमन म्हणून झाली, आणि निवृत्त झाल्यावरही मान काही खाली आली नाही. त्यामुळे गावातल्या एकूण एक शेणाच्या पोवट्यात त्यांचा पाय पडलेला होता, आणि त्यांच्या बायकोने, आमच्या सुलतानाभाभींनी, दारात पाण्याची बादली कायमची भरून ठेवलेली होती.

दिवेआगरला आमचं घर आणि त्यांचं घर पाठीला पाठ लावून आहे. मधे दगडांचा गडगा, कमरेएवढा. त्या गडग्यावरून इतकी वर्षं वाट्या इकडून तिकडे गेल्या की कुठली वाटी कुणाची, हे आता आम्हा दोघींनाही सांगता येणार नाही. ईदचा शिरखुर्मा इकडे आणि गौरीच्या घावन-घाटल्याची पातेली तिकडे.

बाकीचे पुरुष शर्टाच्या खिशात पेन ठेवतात ना, तिथे लतीफभाई टेस्टर ठेवत. एकदा बँकेत सही करायची वेळ आली तर खिशातून टेस्टर काढून कागदावर टेकवला म्हणे. आणि दुसरी सवय अशी की कुठल्याही वस्तूला तळहाताने शिवायचं नाही. उलट्या हाताने शिवायचं. फ्रीज असो, पातेलं असो, पेरूचं झाड असो. मी विचारलं तर म्हणाले, तळव्यानं शिवलं आणि करंट असला तर मूठ आवळते, सुटत न्हाय माणूस. उलट्या हाताला करंट झटकून टाकतो. मला एकदा ताप आला होता तर भाभींबरोबर बघायला आले, आणि माझ्या कपाळाला उलटा हात असा लावला की मला वाटलं आता म्हणतील, कॉम्प्रेसर गेला.

आणि त्यांचा तो एक प्रश्न: "लोड किती?" जगातली कुठलीही गोष्ट त्यांच्यापुढे घेऊन जा, आधी हे विचारणार. आमच्या पुतणीला स्थळ आलं. मी कौतुकाने सांगायला गेले, मुलगा पनवेलला नोकरीला आहे, शेतीवाडी आहे, माणसं चांगली आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घरात माणसं किती?" म्हटलं, अकरा. "मग पोरीवर लोड किती पडणार ता बघितलंत काय, वैनी? वायर जाड हाय ना?" मी तेव्हा जरा रागावलेच. पुढे लग्न झालं, आणि आमच्या पुतणीची वायर अशी काही जाड निघाली की वर्षाच्या आत सासूबाई तिला विचारल्याशिवाय भाजी निवडेनात. लतीफभाईंना सांगितलं तर म्हणाले, आता त्यांच्याकडं फ्यूज तपासायला हवा.

तर असा माणूस. आता वादळाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

वीस सालच्या जूनमध्ये वादळ आलं तेव्हा लतीफभाई निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. वादळाचं वर्णन मी करत नाही, सगळ्यांनी केलंय. एवढंच सांगते की सकाळी आमच्या घरामागे वाडी होती आणि संध्याकाळी आभाळ होतं. माड आडवे, पोफळी तर अगरबत्त्या मोडाव्यात तशा मोडलेल्या. खांब पडले, तारा रस्त्यावर. पुढे कितीतरी दिवस वीज नाही. बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं आली खांब उभे करायला, पण त्यांना आमच्या गल्ल्या काय ठाऊक. लतीफभाई कुणी न बोलावता त्यांच्यात गेले. कुठल्या वाडीतून वाट आहे, कुठे जमिनीत खडक लागेल, कुठल्या घरी पाणी मागितलं तर चहा मिळेल, सगळं त्यांनाच माहीत.

वीज यायच्या आदल्या दिवशी ते घरोघर सांगून गेले. उद्या चार वाजता लाइट येईल, सगळ्यांनी मेन बंद ठेवा, मग एक बल्ब लावा, बाकी सगळं परवा. सगळ्यांनी हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता काय झालं असेल? इतके दिवस तहानलेली माणसं. कुणी पंप लावला, कुणी फ्रीज, कुणी टीव्ही. आणि मी? पडलेल्या नारळांचा ढीग दारात होता, मी खोबरं कातून मिक्सर तयार ठेवूनच बसले होते. दहा मिनिटांत सगळ्या गावाची वीज पुन्हा गेली. लतीफभाई एकेका घरात शिरून बघत आले. आमच्याकडे आले, मिक्सरला उलटा हात लावला. गरम. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "वैनी, इतके दिस पाट्यावर वाटलंत. अजून एक दिस वाटलं असतंत तर पाटा काय नको म्हणत व्हता?"

चटणी तेवढी वाटून झाली होती, ती भाकरीवर घालून दिली. खाल्ली त्यांनी, आणि पुढच्या घरी गेले.

वर्षभराने गावात सोलरवाले यायला लागले. एक झाला की दुसरा. वादळाने वाड्या झोपवलेल्या, छपरांवर नवे पत्रे, आणि वर लख्ख ऊन. त्यांना आमचं गाव म्हणजे ताट वाढून ठेवल्यासारखं. एकाने शाळेत सभा घेतली. इस्त्रीचा शर्ट, भिंतीवर रंगीत चित्रं. गोड बोलत होता बिचारा. म्हणाला, मावशी, काका, तुमच्याकडे आठ महिने ऊन आहे आणि ऊन फुकट आहे. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरून लतीफभाई उठले.

"साहेब, दर्या पण फुकट हाय," ते म्हणाले. "मग मासली इकत का घेता?"

कोळीवाड्यातल्या बायका अशा हसल्या की त्याची चित्रं थांबली. मग लतीफभाईंनी त्याला तीन गोष्टी विचारल्या. इथल्या खाऱ्या वाऱ्यात तुमचा लोखंडी सांगाडा किती वर्षं टिकतो? माडाची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडली तर बाकीच्या पॅनलचं काय होतं? आणि पावसाचे चार महिने काय करायचं? तो म्हणाला, हे आमचे इंजिनियर सांगतील. मग त्यांनाच पाठवा, लतीफभाई म्हणाले, तुम्ही चहा घेऊन जावा. आणि खरंच त्याला घरी नेऊन चहा पाजला, वर भाभींनी खारी दिली.

गावात बोलणं झालं की लतीफने जन्मभर बोर्डाचा पगार खाल्ला, तो सोलरला चांगलं कशाला म्हणेल. पण ते तसं नव्हतं. ते कुणाला घ्याही म्हणत नसत आणि नकोही म्हणत नसत. कुणी विचारलं की त्याच्या घरी जाऊन बसत आणि विचारत, तुम्हाला वीज लागते कधी? किती, ते नंतर. आधी कधी. निर्मला शिंपीण दुपारभर मशीन चालवते, पंखा लावून, तिला म्हणाले, तुझं जमेल. साळवी गुरुजींकडे संध्याकाळी दोन बल्ब आणि बातम्या, त्यांना म्हणाले, गुरुजी, तुमचं बिल बघून पॅनललाच लाज वाटेल. दिवसा बोर्डाला द्या आणि रात्री परत घ्या अशी सोय आहे म्हणे, पण ती मोठ्या बिलवाल्यांच्या कामाची, असं त्यांचं मत.

आमच्या पलीकडचा विलास, त्याच्याकडे पर्यटक राहतात, त्याने लतीफभाईंना न विचारता छपरावर पॅनल बसवून घेतलं. नेमकं माडाखाली. तिसऱ्या महिन्यात एक नारळ सुटला आणि काचेची रांगोळी झाली. तो रडकुंडीला येऊन लतीफभाईंना बोलवायला आला. लतीफभाई गेले, आणि पॅनलकडे बघितलंच नाही, माडाकडे बघत राहिले. म्हणाले, विलास, नारळ उतरवायला पाडेली शेवटचा कधी चढला व्हता? विलास काचा वेचायला लागला. वाडीतल्या माणसाने अशी चूक करावी म्हणजे काय. पण नवी वस्तू घरात आली की माणूस जुनं शहाणपण बाहेर काढून ठेवतो, हे मी स्वतःवरून सांगते. माझं येतंच आहे पुढे.

त्यांचे धाकटे भाऊ बहरीनला असतात. बेट आहे ते, आणि ऊन असं की चपलेचा तळ चिकटावा. मी एकदा सहज म्हटलं, तिथे तर घरोघरी सोलर असेल. ते म्हणाले, भाऊ सांगतो, त्याच्या गल्लीत एक पण न्हाय. तिथं वीजच इतकी स्वस्त की उन्हाला कोण विचारतंय. मग जरा थांबून म्हणाले, "ऊन किती पडतंय त्यावर काय न्हाय, वैनी. उन्हावाचून कुणाचं काय अडतंय, त्यावर हाय."

हे नुसतं बोलून थांबणारा माणूस नव्हता. मुंबईहून एक जुनं पॅनल आणलं, आणि आमच्या दोघांमधल्या गडग्याला टेकवून, बांबूच्या मांडवावर, दक्षिणेकडे तोंड करून बसवलं. घरात एक मीटर, आणि शेजारी खिळ्याला टांगलेली वही. दर संध्याकाळी आकडा लिहायचा. एक दिवसाआड पॅनल गोड्या पाण्याने धुवायचं, कारण आमच्याकडे वारा मीठ घेऊन येतो. भाभी म्हणायच्या, नातवाला कधी इतकी आंघोळ घातली नाही यांनी.

आता माझी चूक. मे महिना होता. मी कोकमं फोडून आमसुलं घातली होती. अंगणात वाळवावीत तर कावळे, वाळू, कोंबड्या. आणि समोर गडग्यावर ते पॅनल. काळंभोर, गुळगुळीत, उतरतं, दिवसभर ऊन खाणारं, आणि धुतलेलं. भाभींनी माझ्याकडे बघितलं, मी भाभींकडे. त्या आठवड्यात लतीफभाई श्रीवर्धनला कुणाच्या घराचं वायरिंग करायला जात होते, सकाळी जायचे ते सांजेला यायचे. आम्ही एक धुतलेलं धोतर पॅनलवर अंथरलं आणि त्यावर आमसुलं पसरली. चार दिवस. ते यायच्या आत रोज उचलून घ्यायचो. लपवायचं म्हणून नव्हे हो, दव पडतं म्हणून.

पाचव्या दिवशी ते दुपारीच आले. गडग्यापाशी उभे राहिले. पॅनल लालेलाल. आम्ही दोघी पदर सावरत उभ्या. मग ते आत गेले, वही घेऊन आले आणि आम्हाला वाचून दाखवली. चारही दिवसांपुढे एकच शेरा लिहिलेला: आभाळ स्वच्छ, वीज नाही, कारण कळत नाही.

"चार दिस मी आभाळाला नावं ठेवतोय," म्हणाले. मग एक आमसूल उचललं, तोंडात टाकलं, डोळे मिटले. "वाळलीत मात्र झकास. या पॅनलनं आजवर केलेलं सगळ्यात फायद्याचं काम ह्येच."

अर्धी आमसुलं बहरीनला गेली.

आता हसण्यासारखं संपलं असं नाही, पण आमच्या वाडीचं सांगायलाच हवं. वादळात वाडीचा मधला भाग पूर्ण उघडा पडला होता. तिथे आम्ही पोफळीची रोपं लावली. पहिल्या उन्हाळ्यात पाण्यावाचून गेली. सुट्टीत गावभर पर्यटक, खोल्याखोल्यांत एसी, दुपारी आमचा पंप नुसता गुरगुरायचा, पाणी काही चढायचं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात रात्री उठून पाणी दिलं, तरी रोपं करपली, कारण पोफळीच्या पोराला डोक्यावर मोठ्या झाडांची सावली लागते आणि मोठी झाडं होती कुठे? सावलीला केळी लावल्या, तर केळीला पोफळीपेक्षा जास्त पाणी. सगळा गुंता.

आमचे हे कमी बोलणारे. दुसरी खेप करपली. ह्यांनी फक्त पडवीतली खुर्ची फिरवली. आयुष्यभर ती वाडीकडे तोंड करून असायची, ती रस्त्याकडे केली. मुलगा पनवेलहून म्हणत होता, बाबा, एक रिसॉर्टवाला जागा विचारतोय, तुम्हाला आता होत नाही, देऊन टाकू. त्याचंही चूक नव्हतं. हे म्हणाले, अजून एक खेप लावतो. ती जगली तर वाडी, नाही जगली तर तू सांगशील तिथे सही करतो. झालं. मी या वाडीत लग्न होऊन आले, माझी सगळी भांडणं आणि सगळी बाळंतपणं या झाडांनी बघितलेली.

पाऊस यायच्या आधी लतीफभाई गडग्यावरचं पॅनल उतरवून ठेवत होते. एकाएकी हाक आली, ह्यांच्यासाठी. "दादा, जरा हिकडं या." हे काही उठेनात. दुसरी हाक आली. तिसऱ्या हाकेला उठले, खुर्ची फिरवल्यापासून पहिल्यांदा वाडीच्या बाजूला गेले. मी मागोमाग.

पॅनलच्या खाली भाभींच्या कोंबड्या दुपारी येऊन बसायच्या, ते आम्हाला माहीत होतं. पण कोंबड्यांच्या मधे, गडग्याच्या मुळाशी, पोफळीची दोन रोपं उभी होती. वटवाघळाने टाकलेल्या सुपारीची असतील. कुणी लावली नाहीत, कुणी आळं केलं नाही, आणि पानं अशी हिरवी की डोळे निवावेत. वर पॅनलची सावली, आणि एक दिवसाआड पॅनल धुतलेलं पाणी ठिबकतंय. आमची शेकडो रोपं पंचवीस पावलांवर करपून गेली आणि ही दोन इथे कोंबड्यांबरोबर मजेत.

हे खाली बसले. एका पानाला बोट लावलं. मग लतीफभाईंनी त्यांचा तो 'कधी'चा प्रश्न विचारला, पण हळू आवाजात. वाडीला पाणी कधी लागतं?

हे म्हणाले, दिवसा. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत. पावसात नको.

लतीफभाई उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. "पावसात ऊन न्हाय, तर पावसात तुमास पंप पण नको. रात्री ऊन न्हाय, तर रात्री पाणी पण नको. जितकं ऊन जास्त, तितकी झाडाला तहान जास्त. दादा, तुमचा लोड उन्हाच्या मापाचा हाय."

गावात कुणालाही त्यांनी दिलेला इतका मोठा होकार मी दुसरा ऐकलेला नाही. मी विचारलं, बॅटरी किती लागतील? कारण त्या सोलरवाल्याने बॅटरीचं फार सांगितलं होतं. ते म्हणाले, एक पण न्हाय. वीज साठवायची न्हाय, पाणी साठवायचं. टाकी बांधा.

सरकारी योजनेत अर्ज केला, बरेच महिने गेले, कागद हरवले, सापडले, ते सोडा. उन्हाळ्याच्या तोंडाशी नऊ पॅनल, पंप आणि सांगाडा घेऊन टेम्पो आला. बरोबर एक फिटर, वेल्डिंगचं मशीन घेऊन. लतीफभाई सकाळपासून आमच्या पडवीत खिशाला टेस्टर लावून बसलेले. त्यांनी सांगितलं, सांगाडा उघड्या जागेच्या मधोमध, दोन पुरुष उंच, आणि खाली माणूस वावरेल एवढी जागा, तिथे पिशव्यांतली रोपं राहतील. फिटर म्हणाला, चाचा, कमरेएवढा लावतात सगळीकडे. आमचे हे म्हणाले, सगळीकडे कोंबड्या बसतात, इथं पोफळी बसणार. फिटरला काही कळलं नाही, पण उंच लावायला तयार झाला. मग वेल्डिंगचं मशीन जोडायला लागला, आणि लतीफभाईंनी हात आडवा धरला.

"वेल्डिंग न्हाय. नट-बोल्ट."

"चाचा, वेल्डिंग पक्कं असतं. नट उद्या गंजतील."

"पक्कं नको मला. सुटणारं हवं."

तो माझ्याकडे बघायला लागला, या म्हाताऱ्याला समजवा म्हणून. मलाही कळेना. लतीफभाईंनी त्याला बसवून सांगितलं. वादळाची खबर आली तर तासाभरात पॅनल उतरवून पडवीत ठेवता आलं पाहिजे, हे एक. आणि दुसरं, ही जागा उघडी आहे ती वादळाने केली म्हणून. ही काही कायमची उघडी राहायची नाही. कडेला माड लावलेत, ते वर येतील, वाडी पुन्हा भरेल, आणि मग इथे ऊनच उरणार नाही. तेव्हा हे सगळं सोडवून दुसरीकडे न्यायचं. फिटर म्हणाला, म्हणजे तुम्ही आजच काढायचं ठरवून बसवताय? लतीफभाई म्हणाले, व्हय.

नऊ पॅनलचे छत्तीस बोल्ट. त्यांनी प्रत्येकाला स्वतः हात लावून बघितला. उलटा.

त्या उन्हाळ्यात पॅनलखाली रोपांच्या पिशव्या अशा दाटीने ठेवल्या होत्या की पाय ठेवायला जागा नव्हती. वर पंपाचं ऊन, खाली सावली, आणि पॅनल धुतलं की तेच पाणी रोपांवर. सकाळी नऊला पाटाला पाणी लागायचं ते चारपर्यंत. एप्रिल गेला. मी रोज सकाळी जाऊन पानं बघायची आणि कुणाला काही सांगायची नाही, दृष्ट लागेल म्हणून. मे संपला. दहा-बारा गेली, ती कोंबड्यांनी उकरली म्हणून. बाकी सगळी हिरवी. ह्यांनी पनवेलला फोन लावला. मी पलीकडून ऐकत होते. एवढंच म्हणाले, "त्या माणसाला सांग, जागा नाही." आणि फोन ठेवून पडवीत गेले, खुर्ची फिरवली.

नंतर आमच्या आळीतल्या निम्म्या वाड्यांना त्या मांडवाखालची रोपं गेली. विलासलाही दिली, वर पाडेलीचा फोन नंबर दिला.

मी लतीफभाईंना दरवर्षी विचारायची, लोकांना सांगायला तरी सांगा, हे सोलर आम्हाला परवडलं की नाही? ते उत्तर द्यायचे नाहीत. आकड्यांचा माणूस, वही भरलेली, पण उत्तर नाही. शेवटी एकदा म्हणाले, "वाडीनं पॅनलला हाकललं, की समजा परवडलं."

आणि दरवर्षी पाऊस संपला की ग्रीसचा डबा घेऊन यायचे. मोपेडवर, रस्त्याने वळसा घालून, कारण गडगा आता ओलांडवत नव्हता; जुनी लुंगी, हाताला कोपरापर्यंत काळं. शिडी लावून एकेक नट सोडायचे, पुसायचे, ग्रीस भरायचे, पुन्हा आवळायचे. छत्तीसच्या छत्तीस. आमचे हे खाली शिडी धरून उभे. आमच्या खाऱ्या वाऱ्यात कडी गंजते, कुलूप गंजतं, माझ्या मोदकपात्राची कडसुद्धा गंजली, पण ते नट कधी गंजले नाहीत.

यंदा चैत्रात पंप मंदावला. हे वर बघून म्हणाले, माडांचे झाप पॅनलवर आलेत. दुपारी दोन वाजता पॅनलवर सावली. म्हणजे वाडीने हाकललं की हो. मुलगा सुट्टी काढून आला, जागा विकायला नव्हे, पॅनल हलवायला. शिडी लावली, पाना लावला आणि वरून ओरडला, आई, पाना नकोच, बोटांनी फिरतायत. एकेक नट असा सुटत आला. आठ पॅनल संध्याकाळपर्यंत विहिरीकडच्या मोकळ्या जागेत गेली.

नववं हललं नाही. त्याचे चार नट असे गंजलेले की पाना घसरायचा. मुलगा म्हणाला, कटर आणतो. ह्यांनी आणू दिला नाही. म्हणाले, राहू दे ते एक. त्याच्याखाली अजून ठेवलीच आहेत की रोपं.

का ते ह्यांना आणि मला माहीत होतं. गेल्या दिवाळीच्या आधी लतीफभाई आले होते ग्रीस घेऊन. जरा दम लागत होता, मुलीकडे मुंब्र्याला जायचं होतं, डॉक्टरला दाखवायला. मी म्हटलं, परत आल्यावर करा. ऐकतील तर ना. बत्तीस नट झाले, आणि दिवेलागणीची, मगरिबची अजान झाली. खाली उतरले. हात पुसत म्हणाले, "चार ऱ्हायले, वैनी. आलो की करतो." चहा नको म्हणाले. डबा मोपेडला अडकवला आणि निघाले.

त्या दुखण्यातून ते परत आले नाहीत. पण माझ्या डोळ्यांसमोर ते निघालेलेच आहेत. वळणावर गाय बसली होती, आडवी. मी इथून ओरडले, लतीफभाई, खाली बघा. त्यांनी एक हात वर केला, ऐकलं म्हणून, आणि मान वर, तारेकडे, तशीच ठेवून गाईला वळसा घालून गेले.